कल्चरमध्ये न वाढणाऱ्या जिवाची ओळख

लघवीचा किंवा रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत गेला की दोन-तीन दिवसांनी ‘कल्चर’चा रिपोर्ट येतो. त्यावर ‘वाढ नाही’ असे लिहिलेले दिसले की नातेवाईकांचा जीव भांड्यात पडतो. पण वाढ नाही म्हणजे जंतूच नाहीत, असे दर वेळी नसते. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला; तो आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही.

समुद्रात तर ही अडचण पदोपदी येते. चमचाभर पाण्यात लाखो सूक्ष्मजीव असतात आणि त्यातले बहुतेक काचेच्या बशीत वाढायला नकार देतात. जीव वाढत नाही म्हणून पुरेसा डीएनए मिळत नाही, आणि डीएनए नाही म्हणून जीनोम वाचता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे एकाच पेशीचा जीनोम वाचणे. एचआयव्हीबाधितांच्या सीडी-४ पेशी ज्या तंत्राने मोजतात, त्याच फ्लो सायटोमेट्रीने समुद्राच्या पाण्यातली एकेक पेशी वेगळी केली जाते. प्रत्येक पेशी स्वतंत्र खळग्यात जाते आणि तिथे ती फोडली जाते. मग फाय-२९ नावाच्या विषाणूचे विकर तिच्या डीएनएच्या प्रती काढू लागते. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या पीसीआरमध्ये तापमान सतत वर-खाली करावे लागते. हे विकर मात्र ३० अंश सेल्सिअसला संथपणे काम करत राहते आणि काही तासांत डीएनए कोट्यवधी पट वाढवते.

पद्धत निर्दोष नाही. काही भागांच्या प्रती भरमसाट निघतात, काही भाग अजिबात हाती लागत नाहीत. शिवाय खळग्यात प्रयोगशाळेतल्या धुळीचा कण शिरला, तर त्याच्याही प्रती तितक्याच इमानाने निघतात.

तरीही या पद्धतीने काय साधले, याचे एक उदाहरण आहे. २००७ मध्ये समुद्रात एका नव्या सूक्ष्मजीव गटाचा शोध जाहीर झाला. आकार इतका लहान, की आपली तांबडी रक्तपेशी त्याच्यापुढे मोठी ठरावी. पेशीत नारिंगी चमक दिसली, म्हणून ते प्रकाशावर अन्न तयार करणारे शैवाल समजले गेले आणि नावही तसेच पडले: पिकोबिलीफाइट. पुढे अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावरून घेतलेल्या पाण्यातील तीन पेशींचे जीनोम वाचले गेले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हरितलवकाचा मागमूस तिन्ही पेशींत नव्हता. उलट जिवाणूंचे डीएनए सापडले, बहुधा पोटात गेलेल्या घासाचे. एका पेशीला तर विषाणूची लागण झालेली होती. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू ज्या नॅनोव्हायरस कुळातला आहे, त्या कुळाशी या विषाणूचे साम्य होते. एका पेशीच्या तपासणीत रुग्ण, त्याचा आहार आणि त्याचा आजार असे तिन्ही कळावे, हे भाग्य वॉर्डातल्या डॉक्टरांना क्वचितच लाभते.

पण जीनोम अपुरा असताना ‘सापडले नाही’ याला किती वजन द्यायचे? हरितलवकाची जनुके नेमकी निसटली असतील तर? ही शंका रास्त होती. तिचे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. यातील एक जीव काही काळ प्रयोगशाळेत जगवता आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हरितलवक नव्हतेच. तो पाण्यातले अतिसूक्ष्म कण खाऊन जगत होता. मग वनस्पतीची आठवण देणारे जुने नाव मागे पडून गट ‘पिकोझोआ’ झाला.

गोष्ट इथे संपली असती. पण २०२१ मध्ये आणखी एकेकट्या पेशींचे जीनोम एकत्र करून वंशवृक्ष मांडला गेला, तेव्हा हा हरितलवकाविना जगणारा जीव थेट लाल शैवाल आणि हिरव्या वनस्पतींच्या घराण्यात जाऊन बसला. त्याच्या पूर्वजांनी हरितलवक गमावले, की ते त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते, यावर अजून वाद आहे.