सत्ताविसावी शब कोणत्या तारखेला?

बोलण्यातला 'सव्वासहा' थोडा सैल असतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कुणी 'सव्वासहाला भेटू' म्हणाले, तर पाच मिनिटांचा हिशेब कुणी ठेवत नाही. रमजानमध्ये मात्र मिनिटामिनिटाला मोल असते.

घड्याळ देशभर एकच असले, तरी सूर्य गावागणिक वेगळ्या वेळी उगवतो. पिंपळगाव मुंबईच्या पूर्वेला असल्याने येथे सूर्य सुमारे चार मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबईचे वेळापत्रक मोबाइलवर पाहून शेवटच्या मिनिटापर्यंत सहेरी करणाऱ्याचा रोजा त्यामुळे धोक्यात येतो. नागपूरची वेळ पाहून इफ्तार केली, तर मार्च महिन्यात रोजा सुमारे वीस मिनिटे आधीच सुटतो. म्हणून वेळापत्रक आपल्याच भागाचे, नाशिक जिल्ह्याचे हवे.

तारखेचा गोंधळ याहून मोठा. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगातला वार सूर्योदयाला आणि हिजरी तारीख सूर्यास्ताला. म्हणजे आधी रात्र, मग दिवस. त्यामुळेच तरावीहची नमाज पहिल्या रोजाच्या आदल्या रात्रीच सुरू होते.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतील विषम रात्रींत शब-ए-कद्र शोधावी, असे सांगितले आहे. त्यातही सत्ताविसाव्या शबला मशिदी भरून जातात. ही रात्र सव्विसावा रोजा सोडल्यावर सुरू होते. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला होता, सव्विसावा गुरुवारी, २७ मार्चला. त्याच संध्याकाळी सत्ताविसावी शब लागली. सत्ताविसावा रोजा सोडून इबादतीला निघालेल्याची ती रात्र मात्र हुकली.

याच वर्षी रविवारी, ३० मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, संध्याकाळी ईदचा चाँद दिसला आणि सोमवारी ईद झाली. चैत्र आणि शव्वाल, दोन्ही महिन्यांचा हिशेब एकाच चंद्राचा. पंचांग अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखते. हिजरी सन तसे करत नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो.

मशिदीच्या फलकावर, इफ्तारच्या निमंत्रणात किंवा मालकाकडे सुटी मागताना नुसते 'सत्ताविसावी' म्हणू नये. 'गुरुवार, २७ मार्चची रात्र' असे वारासह लिहावे. मग शेजाऱ्यालाही कळते आणि कुणाची रात्र हुकत नाही.