कडी कुठल्या बाजूला?

मैत्रिणींनो, नवीन घरात पाऊल टाकलं की तुमची नजर आधी कुठे जाते? पडद्यांवर? भांड्यांवर? माझी जाते दारांच्या कड्यांवर. महिला मंडळातर्फे घरगुती तक्रारींच्या कामाला लागले, तेव्हापासूनची ही खोड. सासूसमोर सून तोंड उघडत नाही; पण तिच्या खोलीला आतून कडी आहे की नाही, ते दार लपवत नाही.

एकदा एका सुनेच्या मृत्यूच्या पंचनाम्याला मी पंच म्हणून उभी होते. घरचे सांगत होते, ‘तिनं आतून कडी घातली होती हो.’ हवालदार टेप लावून खोलीचा नकाशा काढत होते. कडी होती खरी, पण चौकटीला कोयंडाच नव्हता, उपटल्याची खूणही नव्हती. मग अडकवली कशात? ‘साहेब, हेही लिहा,’ म्हटलं. त्यांनी लिहिलं, आणि ती ओळ पुढे कोर्टात वाचली गेली.

म्हणूनच असेल, लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलेली लिझी बोर्डनची केस माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचं गिरण्यांचं गाव आहे. तिथे 4 ऑगस्ट 1892 च्या सकाळी अँड्र्यू बोर्डन आणि त्याची दुसरी बायको अ‍ॅबी यांचे राहत्या घरात कुऱ्हाडीने खून झाले. धाकटी मुलगी लिझी 32 वर्षांची, अविवाहित. ती आणि मोलकरीण ब्रिजेट घरात होत्या. थोरली एमा परगावी गेलेली. पाहुणा आलेला सख्खा मामा न्याहारी करून बाहेर पडला होता.

आता ते घर बघा. बाप पैसेवाला, पण हात आखडता. मुळात दोन बिऱ्हाडांसाठी बांधलेलं घर त्याने एकाचं करून घेतलं. वरच्या मजल्यावर बोळ नाही, खोलीतून खोली, आगगाडीच्या डब्यांसारखी. पुढच्या जिन्याने गेलं की पाहुण्यांची खोली आणि लिझीची खोली. लिझीच्या खोलीतून एमाची. स्वयंपाकघराकडच्या मागच्या जिन्याने गेलं की आईबापांची खोली, आणि त्याच्या वर माळ्यावर ब्रिजेट. लिझीच्या आणि आईबापांच्या खोलीमध्ये एक दार होतं. ते दोन्ही बाजूंनी बंद! म्हणजे लेकीला बापाच्या खोलीत जायचं तर खाली उतरून, घर ओलांडून दुसऱ्या जिन्याने चढायचं.

असं का? 1887 मध्ये बापाने सावत्र आईच्या बहिणीसाठी घरातला हिस्सा विकत घेऊन दिला, तो लेकींना खुपला. लिझीने तिला ‘आई’ म्हणणंही सोडलं. 1891 मध्ये भरदिवसा आईबापांच्या खोलीत चोरी झाली. त्यानंतर बाप खोलीला कुलूप लावी आणि किल्ली बैठकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवी. चोर बाहेरचा वाटला असता तर कुणी किल्ली अशी ठेवली असती का?

त्या सकाळी साडेनऊच्या सुमारास अ‍ॅबी पाहुण्यांच्या खोलीत आवराआवर करत असताना मारली गेली. बाप घरी आला पावणेअकराला. अकराच्या आसपास बैठकीतल्या सोफ्यावर त्याचा जीव गेला. मधला सुमारे दीड तास खुनी कुठे होता? प्रत्येक खोली दुसरीत उघडते, पुढचं दार तर आतून असं बंद की मालक आला तेव्हा ब्रिजेटला उघडता उघडेना. त्या वेळी वरून लिझीच्या हसण्याचा आवाज आला, असं तिने साक्षीत सांगितलं. आणि वर, त्याच जिन्याच्या तोंडाशी, अ‍ॅबी पडलेली.

तिथेच खरी मेख आहे. शोधायला गेलेल्या शेजारणीला जिना चढताना, डोळे जमिनीच्या पातळीला आले तेव्हा पलंगाखालून प्रेत दिसलं. पूर्ण वर पोचलं की पलंग आड येतो, कारण ती पलीकडच्या बाजूला पडली होती. लिझीच्या वकिलांनी तेवढंच धरलं: मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. ज्युरीला घर दाखवायला नेलं होतं. बाराही पुरुष. त्यांच्यापैकी कितीजणांनी कधी पलंगाला वळसा घालून चादर खोचली असेल, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही!

पण लिझीनेच केलं, असं मी म्हणणार नाही. तिच्या कपड्यांवर रक्त दिसलं नाही. ब्रिजेट बाहेर खिडक्या धूत होती तेव्हा बाजूचं दार उघडंच होतं. मी परसातल्या तबेल्यात होते, असं लिझी सांगत राहिली. 20 जून 1893 ला ती निर्दोष सुटली. दुसऱ्या कुणावर कधी खटलाच चालला नाही. आता त्याच घरात लोक पैसे मोजून हौसेने रात्रीचा मुक्काम करतात. मला कुणी फुकट बोलावलं तरी जाणार नाही.

सुटल्यावर दोघी बहिणींनी गावातल्या श्रीमंत वस्तीत, टेकडीवर, मोठं घर घेतलं. तिथे आईबाप नव्हते, भांडायला सावत्र आई नव्हती. 1905 मध्ये एमा तेही घर सोडून निघून गेली.