चुलतभाऊ म्हणून नको, जोडपं म्हणून खोली हवी

परभणीत स्टेशनजवळच्या लॉजवर दोन पुरुषांनी एक खोली मागितली, तर काउंटरवरचा माणूस मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवतो. नाव, गाव, येण्याचं कारण. कोर्टाची तारीख लिहा, कृषी विद्यापीठातली मुलाखत लिहा, नाहीतर तुराबुल हक दर्ग्याचा उरूस लिहा; कुणी वाचत नाही. मुलगा-मुलगी आले की मात्र लग्नाचा दाखला आठवतो, आणि दोघी बायकाच आल्या तर "बरोबर कुणी नाही का?" हे ठरलेलं. म्हणजे समलिंगी पुरुषांना आपल्याकडे निवारा मिळतो, पण चुलतभाऊ म्हणून. दोन कॉटऐवजी डबल बेड मागून बघा, लगेच मान वर होते.

म्हणून मग गोवा. मनमाडला गाडी बदलून गोवा एक्स्प्रेस धरायची आणि दूधसागर मागे टाकून मडगावला उतरायचं. पगार बेताचा असेल तर पुढचा प्रश्न भाड्याचा. स्वागताचा प्रश्न पंचतारांकितवाल्यांनी आपल्यापुरता सोडवला आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक, केशव सुरी, 'द ललित' या हॉटेल समूहाचेच, आणि त्या समूहाचं एक हॉटेल काणकोणात आहे. पण परभणीच्या कारकुनाने तिथे राहायचं कसं?

त्याला परवडतील ती स्वस्तातली जुनी घरं; अशी घरं आणि समलिंगी पाहुणे यांची गाठ जगात इतरत्रही पडलेली दिसते. अमेरिकेतलं प्रॉव्हिन्सटाउन हे त्याचं ठळक उदाहरण. मॅसॅच्युसेट्सच्या टोकाला असलेलं हे मासेमारीचं गाव. १८९८च्या वादळाने तिथल्या धक्क्यांची वाताहत झाली. पुढच्याच वर्षी चार्ल्स हॉथॉर्नने तिथे चित्रकलेची शाळा काढली. चित्रकार आले, नाटकवाले आले, त्यांच्यामागून समलिंगी मंडळी आली. खोल्या भाड्याने देणाऱ्यांत पोर्तुगीज वंशाची कोळी कुटुंबंही होती. धंदा मंदावलेला, घर मोठं, वर रिकाम्या खोल्या. पाहुण्याने भाडं वेळेवर दिलं आणि जिन्यावर गोंधळ घातला नाही, की बाकी चौकशी कशाला? हा उदारपणा थोडा गरजेतून आला होता, हे मान्य करायला हरकत नाही. २००४ साली मॅसॅच्युसेट्सने समलिंगी विवाहाला मान्यता दिली; प्रॉव्हिन्सटाउनच्या घरमालकांनी या पाहुण्यांना आपलं म्हटलं ते त्याच्या कितीतरी आधी.

पोर्तुगीज वळणाची अशी घरं आपल्याला पणजीत भेटतात. फोंताइन्हास हा तिथला भाग म्हणजे मूळची माडांची बाग. आफ्रिकेत पैसा कमावून परतलेल्या एका गोंयकाराने तो वसवला. आज तिथे निळी, पिवळी, शेंदरी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या; त्यातून दुपारचं ऊनही दुधाळ होऊन आत येतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत पोई नावाचा पाव घेऊन येतो. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आणलेला क्रूस आहे, त्यावरचा ख्रिस्त उघड्या डोळ्यांचा. 'पंजिम इन'सारखं साधारण १८८०चं घर आता हेरिटेज हॉटेल म्हणून नावाजलेलं आहे. बेताच्या खिशाने गल्लीतली चार-सहा खोल्यांची गेस्ट हाऊसं बघावीत आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळावा. पावसाळ्यात भाव उतरतात. मिरामारचा किनारा तिथून रिक्षाने जवळ आहे.

छोट्या गेस्ट हाऊसची गंमत आणि धास्ती एकच: दार मालक स्वतः उघडतो. गोवा मोकळा, पण सरसकट नाही. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फ्रेंच जोडीदाराशी २००२ साली फ्रेंच कायद्याने नागरी करार केला आणि कोलवाळ गावात राजरोस संसार केला. पण त्यांच्याभोवती नावाचं वलय होतं, ते सगळ्यांना कुठून मिळणार?

कायद्याने काय बदललं, तेही बघू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधले राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की अविवाहित जोडप्याने हॉटेलात एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. तृतीयपंथी व्यक्तींना सार्वजनिक सोयी नाकारण्यास २०१९च्याच कायद्याने मनाई केली. विवाहाची मान्यता मात्र ऑक्टोबर २०२३च्या निकालाने दिली नाही. हॉटेलवाल्याने ओळखपत्र बघावं, नोंद करावी. नातं विचारायचं कारण त्याच्याकडे उरलेलं नाही.

तरीही आगाऊ पैसे भरण्याआधी फोन करा आणि सरळ सांगा, "आम्ही दोघं पुरुष, जोडपं आहोत, डबल बेड हवा." होकार आला तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पलीकडचा घुटमळला तर दुसरा नंबर फिरवा, पैसे तरी वाचतील. दोघींनीही हेच करावं.

आणि परभणी, गंगाखेड, पाथरीच्या लॉजमालकांना एक विनंती. ओळखपत्र बघा, सही घ्या, किल्ली द्या. यात तुमचा एक रुपयाही खर्च होत नाही.