प्रथिनांच्या संगणकीय प्रतिकृती आणि त्यांची पारख

कोथरूडहून वेताळ टेकडी ओलांडली की पाषाण लागते. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या व इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली पेनिसिलीन व्ही अ‍ॅसायलेज या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. पेनिसिलीनपासून नवी प्रतिजैविके तयार करण्याच्या कामी अशी प्रथिने उपयोगी पडतात. रचना समजण्यासाठी प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागले. या कामाला पुष्कळदा वर्षे लागतात.

आता अमिनो आम्लांच्या क्रमावरून संगणक रचनेचे भाकीत थोड्याच वेळात करतो. या क्षेत्रातील कार्यास २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु चुकीच्या प्रतिकृतीवर औषधाचे संशोधन उभारल्यास पैसा व श्रम वाया जातील. म्हणून प्रतिकृतीची पारख आवश्यक ठरते.

पहिली कसोटी भारतीयच आहे. प्रथिनाची साखळी प्रत्येक दुव्यापाशी मुख्यतः दोन कोनांतून वळते. मात्र काही वळणांत अणू एकमेकांवर आदळतात. कोणती वळणे संभवतात, याचा आलेख मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडला. प्रतिकृतीतील बरेच दुवे आलेखाच्या निषिद्ध भागात पडले, तर ती सदोष समजावी. तथापि दुवे निर्दोष असूनही संपूर्ण घडी चुकलेली असू शकते.

दुसरी कसोटी विश्वासांकाची. अल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली प्रत्येक दुव्यास ० ते १०० पर्यंत अंक देते. ९० च्या वरचा भाग अत्यंत विश्वसनीय मानतात. ५० च्या खालील भागाच्या आकारावर विसंबू नये. असा भाग पुष्कळदा मुळातच निश्चित आकाराचा नसतो. शिवाय प्रत्येक भाग अचूक असूनही त्यांची परस्परांतील मांडणी चुकू शकते. तिच्यासाठी वेगळा अंदाज पाहावा लागतो. शिक्षकांना पटेल असे सांगायचे, तर हे विद्यार्थ्याने स्वतःच्या उत्तरपत्रिकेस दिलेले गुण होत.

बाहेरचा परीक्षकही आहे. १९९४ पासून दर दोन वर्षांनी ‘कॅस्प’ ही जागतिक चाचणी होते. प्रयोगाने उलगडलेली, पण अप्रकाशित अशी रचना गुप्त ठेवून भाकिते मागवितात व नंतर तिच्याशी ताडून पाहतात. २०२० मध्ये अल्फाफोल्डने याच चाचणीत आपली योग्यता सिद्ध केली.

तरीही ही परीक्षा पद्धतीची असते, प्रत्येक प्रतिकृतीची नव्हे. म्हणून महत्त्वाच्या निर्णयापूर्वी प्रयोगशाळेतील पडताळणी हवीच. प्रतिकृतीमुळे प्रयोगाची दिशा ठरते, परंतु प्रयोगाची गरज संपत नाही.