पाठमोऱ्या माणसाकडे फेकलेला चेंडू

मार्च 2022. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे एनएफएलचा, हंगाम संपून महिना उलटला होता आणि आठवडाभराच्या आत दोन मोठे सौदे झाले. ग्रीन बे पॅकर्सनी दवान्ते ॲडम्सला लास वेगस रेडर्सकडे धाडलं आणि कॅन्सस सिटी चीफ्सनी टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सकडे. दोघेही वाइड रिसीव्हर, दोघेही ऐन भरातले. मागे राहिले त्यांचे क्वार्टरबॅक: लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ॲरन रॉजर्स आणि 2018 च्या हंगामात तोच मान मिळवलेला पॅट्रिक महोम्स. फेकणाऱ्यामुळे झेलणारा मोठा होतो की झेलणाऱ्यामुळे फेकणारा, हा वाद तिथल्या चाहत्यांमध्ये कायमचाच. त्या आठवड्यात त्यावर एक आयता प्रयोग मांडला गेला.

ज्यांनी हा खेळ सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, निमित्ताने एखाद्या सोमवारी पहाटे झोपमोड करूनच पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो आणि तो एकतर कुणाच्या हातात देतो किंवा पुढे फेकतो. वाइड रिसीव्हर रांगेच्या टोकाकडून पळत सुटतो आणि तो चेंडू झेलतो. त्याच्या समोर कॉर्नरबॅक उभा असतो आणि मागे, खोलवर, सेफ्टी. चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन.

टीव्हीवर पाहताना वाटतं, रिसीव्हर मोकळा झाला, क्वार्टरबॅकला दिसला, त्याने फेकला. खरं तर इतका वेळ मिळतच नाही. अडीच-तीन सेकंदांत सव्वाशे किलोची माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर येतात. म्हणून बरेचसे पास असे बांधलेले असतात: रिसीव्हर दहा-बारा यार्ड सरळ पळणार आणि झटक्यात कडेकडे वळणार, क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जाणार आणि पाचवं पाऊल टेकताच चेंडू सोडणार. त्या क्षणी रिसीव्हर अजून वळलेला नसतो. चेंडू पाठमोऱ्या माणसाकडे, खरं तर तो माणूस जिथे अजून पोचलेला नाही अशा रिकाम्या जागेकडे, निघालेला असतो. तो वळून बघेपर्यंत क्वार्टरबॅक थांबला, तर कॉर्नरबॅकनेही ते वळण पाहिलेलं असतं आणि मधलं अंतर मिटलेलं असतं.

आणखी अवघड प्रकार म्हणजे ज्या धावेचा शेवट आधी ठरलेलाच नसतो. बचावपटू सैल, मागे उभा असेल तर रिसीव्हरने अलीकडेच थांबायचं. अंगालगत असेल तर त्याला मागे टाकून खोल पळायचं. निर्णय पळता पळता घ्यायचा, आणि लांब मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकने त्याच क्षणी तोच निर्णय घ्यायचा. दोघांत बोलणं नाही, खूण नाही. एकाने समोरची मांडणी वेगळी वाचली की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो. समालोचक म्हणतात, क्वार्टरबॅकने भलतीकडेच फेकला. चूक कुणाची होती, हे त्या दोघांना आणि प्रशिक्षकालाच ठाऊक असतं.

इंडियानापोलिस कोल्ट्सचे पेटन मॅनिंग आणि मार्विन हॅरिसन या जोडीने नियमित हंगामांत मिळून 112 टचडाउन केले. कुठल्याही क्वार्टरबॅक-रिसीव्हर जोडीचा हा विक्रम आहे. त्यामागे वर्षानुवर्षं एकच धाव, एकच फेक सरावात घोटून घेणं आहे. मला या खेळातली ही बाजू सर्वांत मोहक वाटते, आणि आकडेवारीत ती कुठेच उमटत नाही.

हिशेब लिहिणाऱ्यांनी मात्र सगळं क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकलं आहे. 1973 पासून एनएफएलमध्ये वापरात असलेलं पासर रेटिंग चार गोष्टींवर उभं आहे: किती टक्के पास पूर्ण झाले, प्रत्येक फेकीमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के फेकींवर टचडाउन झाले आणि किती टक्के प्रतिस्पर्ध्याने पकडल्या. यातली एकही गोष्ट क्वार्टरबॅक एकट्याने करू शकत नाही. त्याने दोन यार्डांवर चेंडू द्यावा आणि रिसीव्हरने पुढचे सत्तर यार्ड चौघांना चुकवत पळून काढावेत, तरी क्वार्टरबॅकच्या नावावर पूर्ण बहात्तर लागतात. उलट बाजूही तितकीच अन्यायाची. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर गोलंदाजाची विकेट हुकते एवढंच. इथे हाताला लागून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला तर इंटरसेप्शन फेकणाऱ्याच्या माथी बसतं. 2023 च्या हंगामाच्या सलामीलाच डेट्रॉइट लायन्सविरुद्ध महोम्सचा एक नीट फेकलेला चेंडू कॅडेरियस टोनीच्या हातांतून उसळला, लायन्सच्या खेळाडूने तो पकडून थेट टचडाउन केला, आणि चीफ्स 21-20 असे, एका गुणाने हरले.

आता त्या दोन सौद्यांकडे. आधी ॲडम्स. तो रेडर्सकडे गेला तेव्हा फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठातला त्याचा जुना जोडीदार डेरेक कार तिथे क्वार्टरबॅक होता. ॲडम्सने तिथे 1,516 यार्ड आणि 14 टचडाउन काढले. आदल्या वर्षी रॉजर्सबरोबर 1,553 आणि 11 होते. म्हणजे त्याला काही फरक पडला नाही. रॉजर्सचे टचडाउन मात्र 37 वरून 26 वर आले आणि इंटरसेप्शन 4 वरून 12 वर गेली. त्यात त्याचा अंगठाही मोडला होता, तेव्हा सगळा दोष ॲडम्सच्या जाण्याला देता येणार नाही. इथवर निकाल रिसीव्हरच्या बाजूने झुकतो. पण कारचं काय झालं? ॲडम्स येण्याआधीच्या वर्षी त्याचे 23 टचडाउन आणि 14 इंटरसेप्शन होती; ॲडम्स आल्यावर 24 आणि 14. शेवटच्या दोन सामन्यांत तर त्याला बाहेर बसवलं. लीगमधला एक अव्वल रिसीव्हर हाती आला आणि कार होता तिथेच राहिला.

हिलची गोष्ट वेगळी निघाली. मायामीत टुआ टॅगोव्हायलोआ नावाचा तरुण क्वार्टरबॅक होता, ज्याच्याबद्दल बरेच जण साशंक होते. हिल आला, त्याने पहिल्याच वर्षी 1,710 यार्ड काढले, आणि टुआ 105.5 रेटिंगसह लीगमध्ये पहिला आला. यात एक मेख आहे: त्याच वर्षी माइक मॅकडॅनियल हा नवा प्रशिक्षकही आला होता. तरी हिलच्या वेगाचा परिणाम मैदानावर उघड दिसायचा. त्याच्या भीतीने सेफ्टी पाच-सात यार्ड मागे सरकायचे आणि मधली जागा मोकळी व्हायची. टुआ तिथे दुसऱ्याच कुणाला चेंडू द्यायचा. ज्या चेंडूला हिलचा हातही लागला नाही, त्यातही हिलचा वाटा असायचा. तो वाटा कुठल्याच रकान्यात जात नाही.

आणि महोम्स? हिल गेल्यावर त्याने 5,250 यार्ड आणि 41 टचडाउन फेकले, पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल जिंकला. ट्रॅव्हिस केल्सीसारखा टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा खेळाडू, सोबतीला होता हे खरं, पण खोल फेकीऐवजी जवळच्या, झटपट पासवर खेळ वळवणं त्याला जमलं. पुढच्या वर्षी मात्र सुटलेले झेल त्याला चांगलेच भोवले: 27 टचडाउन, 14 इंटरसेप्शन. तरी चीफ्सनी अखेर सुपर बोल जिंकलाच.

यावरून मी एवढंच म्हणेन: समोरची मांडणी वाचण्यात मुरलेला क्वार्टरबॅक रिसीव्हर गेल्यावर खेळ बदलून तगतो, आणि चाचपडणाऱ्या क्वार्टरबॅकला थोर रिसीव्हर खूप वर उचलू शकतो. शकतो, उचलतोच असं नाही.

रिसीव्हर मात्र जागा कितीही मोकळी करू दे, चेंडू मागवून घेऊ शकत नाही. रँडी मॉस 2006 मध्ये ओकलंडच्या मोडकळीस आलेल्या संघात 553 यार्ड आणि 3 टचडाउनवर अडकला होता. वय 29, आणि लोक म्हणू लागले, संपला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात उचललं, म्हणजे जवळपास फुकटच. 2007 मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीबरोबर त्याने 23 टचडाउन झेलले, जो आजही विक्रम आहे. ब्रेडीचा फायदाही तेवढाच: आदल्या वर्षी 24 टचडाउन फेकणाऱ्याने त्या वर्षी 50 फेकले, जो तेव्हाचा विक्रम होता. दोघांचेही विक्रम नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात 65 यार्डांच्या एकाच पासवर झाले. पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी आलेल्या मॅट कॅसेलबरोबर मॉस 11 टचडाउनवर आला. तरी 1,008 यार्ड त्याने काढलेच.

जोडीच्या कौतुकात क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी विसरली जाते. क्वार्टरबॅक जो बरो आणि रिसीव्हर जमार चेस हे लुइझियाना स्टेट विद्यापीठात एकत्र खेळलेले. 2021 च्या ड्राफ्टमध्ये सिनसिनाटी बेंगल्सनी बरोला वाचवणाऱ्या धिप्पाड लाइनमनऐवजी चेसला घेतलं. चेसने 1,455 यार्ड काढून निवड सार्थ केली, बेंगल्स सुपर बोलपर्यंत पोचले. पण त्या हंगामात बरोला 51 वेळा चेंडूसकट आडवं पाडलं गेलं, आणि एकट्या सुपर बोलमध्ये 7 वेळा. त्या सामन्यातल्या बेंगल्सच्या शेवटच्या प्रयत्नात चेस खोलवर कॉर्नरबॅकच्या पुढे निसटला होता. बरोला तिकडे बघायला सवडच मिळाली नाही. प्रतिस्पर्धी संघाच्या ॲरन डोनल्डने त्याला धरलं होतं.

तो सामना जिंकला लॉस एंजलिस रॅम्सनी, म्हणजे मॅथ्यू स्टॅफर्डने. एका हंगामात सर्वाधिक यार्ड काढणाऱ्या पहिल्या दोन्ही रिसीव्हरांचा क्वार्टरबॅक हाच. 2012 मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने 1,964 यार्ड काढले, 2021 मध्ये रॅम्सच्या कूपर कपने 1,947. जॉन्सनच्या त्या प्रचंड आकड्यात टचडाउन फक्त 5 होते, कपच्या आकड्यात 16. डेट्रॉइटचा संघ बहुतेक वेळ पिछाडीवर असायचा. पिछाडी भरून काढायला फेकत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि स्टॅफर्डने त्या वर्षी 727 पास फेकले, जो तेव्हाचा विक्रम होता. रॅम्सकडून कपने सुपर बोलमध्ये दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरला असताना विजयी टचडाउन झेलला. जॉन्सनच्या विक्रमाच्या वर्षी लायन्स 16 पैकी 4 सामने जिंकले.