शिफारसपत्राचे बंद पाकीट

परदेशी विद्यापीठांतील प्रवेशाचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत ऐन भरात येतो आणि विरारपासून वसईपर्यंतच्या महाविद्यालयांत शिफारसपत्रांची मागणी वाढू लागते. ही पत्रे कागदावर जात असत तेव्हा प्राध्यापक पाकीट बंद करून जोडावर सही करीत, त्यावर शिक्का मारीत आणि ते विद्यार्थ्याच्याच हाती सोपवीत. त्या पाकिटाला वाफ दाखविण्याची किंवा एक प्रत जादा मागून तीच घरी फोडण्याची युक्ती विद्यार्थीवर्गाला पूर्वीपासून अवगत आहे. आता विद्यापीठ प्राध्यापकाच्या ई-मेलवर परस्पर लिंक पाठविते. त्यावर तोड म्हणून प्राध्यापकाच्या नावाचा पत्ता अर्जदारच उघडतो आणि पत्रही स्वतःच धाडतो. या दुसऱ्या प्रकाराला तोतयेगिरी म्हणतात. त्यावर वाद संभवत नाही. वाद आहे तो पहिल्या प्रकाराविषयी. जे पत्र आपल्याविषयी आहे आणि ज्यावर आपले भवितव्य अवलंबून आहे, ते चोरून वाचले तर बिघडले कोठे?

या युक्तिवादाला आपल्याकडील न्यायालयांचा आधार दाखविला जातो. सीमा सडक सेवेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता. शेरा प्रतिकूल नसल्याने तो त्यांना कळविण्यात आला नाही आणि बढती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निर्णय दिला की, शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने परीक्षार्थींना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार मान्य केला. परीक्षकाचे नाव मात्र झाकण्याची मुभा ठेवली.

हे दोन्ही निर्णय स्वागतार्हच आहेत. पण शिफारसपत्राला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गोपनीय अहवाल लिहिणारा वरिष्ठ कर्मचाऱ्याने निवडलेला नसतो आणि परीक्षकही विद्यार्थ्याने नेमलेला नसतो. तेथे सत्ता एकतर्फी असते, म्हणून तिला उजेडाची गरज असते. शिफारस करणारा मात्र अर्जदाराने स्वतः निवडलेला असतो. शिवाय अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आणि त्याच वर्षाअखेरच्या दुरुस्तीने शिफारसपत्रांपुरता तो हक्क स्वेच्छेने सोडण्याची मुभाही दिली. तेथील अर्जांत यासाठी स्वतंत्र रकाना असतो. वसईचा विद्यार्थी त्यात हक्क सोडल्याचे लिहून देतो आणि नंतर पाकीट वाफेवर धरतो. येथे मोडला जातो तो त्याने स्वतः दिलेला शब्द.

आणि त्याची किंमत मोजतो तो भलताच कोणी. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, खरेदीदाराला चांगली गाडी आणि खटारा यांतील फरक ओळखता येत नसेल तर तो सर्वच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. शिफारसपत्रांचा बाजार याहून निराळा नाही. पत्र विद्यार्थ्याच्या नजरेखालून जाणार हे ठाऊक असलेला प्राध्यापक सर्वांनाच ‘अत्यंत हुशार’ म्हणतो. परदेशातील निवड समितीला ते उमगते आणि मग खरोखर हुशार असलेल्या, पण मोठ्या संस्थेचे नाव पाठीशी नसलेल्या मुलीचे पत्रही रद्दीच्या भावाने जाते.

तथापि सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे हा ढोंगीपणा होईल. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि येथील वर्ग तुडुंब भरलेले असतात. शंभरावर मुलांच्या वर्गात प्राध्यापक कितीजणांना नावानिशी ओळखणार? मग ‘मसुदा तूच आण, मी सही करतो’ असे सांगितले जाते. मसुदा अर्जदाराचा आणि गोपनीयतेची ग्वाही प्राध्यापकाची, अशा व्यवहारात विद्यार्थ्याला नीतिपाठ देण्याचा अधिकार कोणाला उरतो?

याहून गंभीर आहे ते तोंडावर होकार देऊन पाठीमागे थंड पत्र लिहिणे. ‘नियमित उपस्थित राहतो, वर्तणूक समाधानकारक’ एवढ्या दोन ओळींनी अर्ज बुडू शकतो. अर्जाचे शुल्क बापाने पोटाला चिमटा घेऊन भरलेले असते आणि आपल्या पत्रात काय आहे या भीतीने रात्र काढणाऱ्या मुलाची तगमग खोटी नसते. पाकीट फोडण्याचे समर्थन त्याने होत नाही. परंतु तुझ्याविषयी मला उत्साहाने लिहिता येणार नाही, दुसऱ्या कोणाला विचार, हे तोंडावर सांगण्याचे धैर्य प्राध्यापकाने दाखविले असते तर ती भीती उद्भवलीच नसती. नकार मिळालेल्याला दुसरे दार ठोठावता येते.

यासाठी कायद्याची आवश्यकता नाही. महाविद्यालयांनी शिफारसपत्राची मागणी निदान महिनाभर आधी लेखी घ्यावी, सोबत गुणपत्रिका व प्रकल्पाचा अहवाल मागावा आणि प्राध्यापकाने विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलून होकार किंवा नकार त्याच बैठकीत कळवावा. अर्ध्या तासाचा हा हिशेब कोणाला जड वाटत असेल, तर त्याने पत्र देऊच नये.