कयाधूच्या काठाने

प्रमेहाच्या रुग्णास ‘रोज चालावे’ असे आपण सर्वच सांगतो. कोठे चालावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. सुश्रुताचार्यांनी या विषयी फारशी संदिग्धता ठेवलेली नाही. निर्धन प्रमेही रुग्णाने पादत्राण व छत्र यांवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे, असे प्रमेहचिकित्सेत त्यांचे विधान आहे. ज्याच्या तळपायांची संवेदना मंद झाली आहे अशा मधुमेही रुग्णास अनवाणी चालण्याचा सल्ला आज कोणी देणार नाही व देऊही नये. तथापि शरीरास पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते, हे त्याच संहितेतील वचन सर्वांसाठीच आहे. त्यात वैद्यही आले.

हिंगोलीच्या व्यवसायबंधूंना अशा चंक्रमणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. प्रल्हादाच्या मातेचे नाव धारण करणारी कयाधू नदी रिसोडच्या बाजूने येऊन सेनगाव, हिंगोली व कळमनुरी तालुक्यांतून वाहत पुढे पैनगंगेस मिळते. हिंगोलीहून प्रवाहाच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे नर्सी नामदेवपर्यंतचा टप्पा वीस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. ही शहरातल्यासारखी बांधीव, दिवे लावलेली वाट नव्हे. पाणंद, गाडीवाट, शेताचा बांध आणि मधूनच डांबरी रस्ता असे तिचे स्वरूप आहे. सायकलस्वाराने मुख्यतः रस्ता धरावा व गावोगावी काठाशी उतरावे. पायी जाणाऱ्याने एका दिवसात सर्व अंतर तोडण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात येथील काळी माती चाकास अशी बिलगते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते, आणि पुराच्या दिवसांत पात्राजवळ जाणेही योग्य नव्हे. शरद ऋतू सरल्यापासून शिशिराच्या अखेरीपर्यंतचा काळ उत्तम. हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत बलाच्या अर्ध्याइतका व्यायाम विहित असल्याचे आपण जाणतोच. कपाळ, नाक व काखेत घाम दिसू लागला की बांधावर बसावे.

आणि बसल्यावर पायाशी पाहावे. पाणथळ कडेला पांढऱ्या, बटणासारख्या फुलांचा माका असतो. पान तळहातावर चुरडले की रस थोड्याच वेळात काळा पडतो. डबक्यांच्या काठी पेरापेराशी काटे असलेला, जांभळ्या फुलांचा तालीमखाना, म्हणजे कोकिलाक्ष, दिवाळीच्या सुमारास ओळखावयास सोपा. बांधावर आघाडा, काटेरिंगणी, गोखरू, एरंड. ओढ्याकाठी निर्गुंडी, करंज, उंबर. त्याच ठिकाणी बेशरम, गाजरगवत आणि वेडी बाभूळ यांचे अतिक्रमणही दिसते. या तीन वनस्पती बाहेरून आलेल्या असून जेथे त्या माजल्या तेथे आपल्या कामाच्या वनस्पतींस जागा उरत नाही.

सर्वांत उपयोगी धडा पुनर्नवेचा. बोअरहाविया डिफ्यूजा ही खरी पुनर्नवा. बाजारात मात्र तिच्या जागी ट्रायँथिमा वारंवार येते. वाळलेल्या चुऱ्यात हा भेद सहजासहजी कळत नाही. हिरव्या अवस्थेत तो लहान मुलासही दाखविता येतो. पुनर्नवेची बारीक गुलाबी फुले फांद्या फुटलेल्या तुऱ्यावर येतात, फळे कपड्यास चिकटतात, आणि मूळ जाड, वर्षानुवर्षे टिकणारे असते. ट्रायँथिमाची पाने मांसल, फूल पानाच्या बगलेत एकेकटे, मूळ बारीक. पुनर्नवाष्टक काढा हजारो बाटल्यांनी विकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे मूळ स्वतः खणून पाहिले आहे? प्रश्न कटू आहे, पण शोथाच्या रुग्णास गुण न आल्यास दोष आपण शास्त्राला लावतो, पोत्याला लावत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधींचे नाव व रूप शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी जाणतात, असे म्हटले आहे. केवळ नामरूपाच्या ज्ञानाने प्रयोग कळत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. आपली स्थिती आज नेमकी उलटी झाली आहे. प्रयोग पाठ आहेत, रूप हरवले. कयाधूच्या पात्रात शेळ्या घेऊन आलेल्या माणसास दोन शब्द विचारण्यात कमीपणा मानू नये.

पिशवी भरून आणण्यापूर्वी मात्र थांबावे. स्मशान, वारूळ व खारट भूमीवरील औषधी घेऊ नयेत, हा भूमिपरीक्षेचा दंडक आजच्या नद्यांना अधिकच लागू आहे. कोणत्याही वस्तीच्या खालच्या अंगास, जेथे सांडपाणी मिसळते, तेथील माका कितीही टवटवीत दिसला तरी वर्ज्य समजावा. पाणवनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेतात. फवारणी झालेल्या सोयाबीन-कापसाच्या बांधावरही तेच. अर्जुनासारख्या नदीकाठच्या वृक्षाची साल खोडाभोवती वेढा घेऊन काढली की वृक्ष मरतो, हे पुरवठादारास सांगण्याचे काम फार्मसीमालकांचे आहे.

नर्सीला पोहोचल्यावर काठावरील नामदेव मंदिरात विसावा घ्यावा. परंपरेनुसार १२७० मध्ये येथे जन्मलेल्या या संताने पंजाबातील घुमानपर्यंत पायपीट केली; गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते त्याच पावलांच्या मागोमाग. सुश्रुतांची शंभर योजने यापुढे फार वाटत नाहीत.

माघ-फाल्गुनात परतीच्या वाटेवर हळद शिजविण्याच्या कढयांची वाफ दुरूनच जाणवते. पुष्कळांना हिंगोली-वसमतची हळद बाजारातील दरांवरूनच ठाऊक असते. वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु फार्मसीसाठी खरेदी करणाऱ्याने खळ्यावर वाळत घातलेले, पॉलिश न झालेले हळकुंड हाती घेऊन मोडून पाहावे. ते बाहेरून भुरकट व खरखरीत असते. दुकानातील गुळगुळीत पिवळेपणा ढोलात घासल्यानंतर येतो, आणि याच टप्प्यावर लेड क्रोमेटसारखा शिसेयुक्त रंग चढविल्याची प्रकरणे भारतीय उपखंडात नोंदली गेली आहेत. शक्य झाल्यास शेतकऱ्याकडून न घासलेलीच हळद घ्यावी आणि घरी दळावी.